मामा आणि उजवा बाण

उजवीकडे वळण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांइतका अधिकारी माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात नाही, आणि जिल्ह्याबाहेर कुणी असेल तर त्यानं एकदा येऊन मामांसमोर वळून दाखवावं. डावीकडे वळणं हे मामांच्या लेखी वळणंच नव्हे. "डावीकडं काय, म्हैसपन वळते," असं ते म्हणतात. सरळ जाणं हे त्याहून खालचं काम. माणसाची खरी परीक्षा उजवीकडे वळताना होते, कारण तेव्हा समोरून येणाऱ्याच्या वाटेत आपण आडवं जायचं असतं. दुसऱ्याच्या वाटेत आडवं कधी जावं, किती जावं आणि कुणाच्या भरवशावर जावं हे ज्याला कळलं, त्याला मामांच्या मते शेती, संसार आणि राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही. मी हायस्कुलात गणित शिकवतो. रस्त्यावरच्या एका वळणात एवढं काही भरलेलं असेल असं मला लग्नाआधी वाटलं नव्हतं. आता वीस वर्षांनंतर मी कुठल्याही चौकात उभा राहिलो की आधी समोरून येणाऱ्या गाड्या मोजू लागतो, आणि बायको मागून माझ्या पाठीत बोट खुपसून विचारते, "आज घरी जायचंय का?"

मामा एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. मुरुडची गाडी, तळ्याची गाडी, जिथं रस्ता अरुंद आणि म्हशी फार अशा सगळ्या गाड्या त्यांनी चालवल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा उमटला नाही. तो का उमटला नाही हे सांगताना त्यांचे जुने कंडक्टर कपाळाला हात लावतात. उजवं वळण आलं की मामा गाडी रस्त्याच्या मध्याला घेत, हात बाहेर काढत, आणि समोरची शेवटची गाडी, शेवटची सायकल आणि शेवटची शेळी निघून जाईपर्यंत बसून राहत. समोरच्यानं लाइट मारून "या, या" म्हटलं तरी ते हलत नसत. "तो या म्हनतो, पन त्याच्या मागचा म्हनतो का?" असा त्यांचा प्रश्न असे. आणि खरोखरच एखादा मोटरसायकलवाला ट्रकच्या आडून सुसाट बाहेर येई, आणि मामा मागं वळून अख्ख्या गाडीला विचारत, "बगितलात?" प्रवाशांनी बघितलेलं असे, पण त्यांना बाजार गाठायचा असे. डेपोत उशिराबद्दल विचारणा झाली की मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "उशीर का झाला ते सगळे इचारतात. पोचलास कसा, ते कोन इचारत न्हाय." निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ देऊन जीपमधून घरी पोचवायची व्यवस्था केली होती. जीपवाल्यानं गावच्या नाक्यावर घाईघाईनं उजवी मारली, म्हणून मामा शाल-श्रीफळासकट खाली उतरले आणि उरलेलं अंतर चालत आले. मामी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. निरंजन विझलं होतं.

माझं लग्न जमलं तेही एका उजव्या वळणावर. मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली होती. बाकीच्यांनी माझा पगार विचारला, घराचे दरवाजे मोजले, आईच्या हातचे पोहे नावाजले. मामा गप्प होते. पोहे संपवून, बशी पालथी घालून ते उठले आणि मला म्हणाले, "मास्तर, गाडी काडा. पान खाऊन येऊ." अंगणातली मोटरसायकल मी पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून मित्राकडून मागून आणली होती आणि ती मला धड चालवता येत नव्हती. मी मामांना मागं बसवून पेणच्या एका चौकात आलो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर टोचलं. "उजवीकडं." मी मध्यावर जाऊन थांबलो तो थांबलोच. समोरून टेम्पो आले, रिक्षा आल्या, बर्फाचा ट्रक आला, मधे दोनदा रस्ता मोकळासुद्धा झाला, पण क्लच सोडायची माझी छाती होईना. शेवटी एक आजीबाई काठी टेकत टेकत पार गेल्या आणि मग मी वळलो. घरी परतल्यावर मामांनी उंबऱ्यातूनच निकाल दिला, "पोरगा थांबतो. पोरगी द्या." मी कशामुळे थांबलो होतो ते मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं आहे, आणि तिनं ते मोठ्या भांडणासाठी राखून ठेवलं आहे.

त्यांचं हे वेड फक्त रस्त्यापुरतं असतं तर सोसलं असतं. आमच्याच लग्नात पंगतीच्या वेळी भाताचं पातेलं आणि वरणाची बादली एका कोपऱ्यावर एकमेकांना थडकली, वरण एका काकांच्या पाठीवर गेलं, आणि मामांना स्फुरण चढलं. त्यांनी वाढप्यांना रांगेत उभं केलं आणि फर्मावलं, "आदी सरळ जानारे जातील. वळनारे थांबतील. मी हात खाली केला की वळनारे सुटतील." आणि मांडवाच्या मधोमध ते हात वर करून उभे राहिले. पुढची अख्खी पंगत एकही टक्कर न होता पार पडली. भात गार झाला, जिलबी आधी आली आणि मठ्ठा हात धुतल्यावर आला, पण टक्कर झाली नाही. नवरदेवाच्या बाजूची असूनही आमची मंडळी काही बोलली नाहीत. मी मात्र त्या दिवशी ओळखलं की या माणसाशी आपलं जमणार.

पुढं मामांच्या गावाजवळचा मोठा रस्ता रुंद झाला. खालच्या कारखान्यांतून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिवसभर तिथून धडधडत जाऊ लागले, आणि गावच्या नाक्यावर सिग्नल आला. हे नाक्याचं चित्र नीट सांगायला हवं, कारण मामांची सगळी लढाई त्याच्यावरच झाली. मी रोज पेणकडून मोटरसायकलनं त्या गावच्या हायस्कुलात येतो. गाव माझ्या उजव्या हाताला. म्हणजे मला गावात शिरायचं तर समोरून येणाऱ्या ट्रेलरच्या रांगेला आडवं जाऊन उजवीकडे वळावं लागतं. सिग्नल आला, पण त्याच्यात नुसता गोल हिरवा दिवा. तो लागला की इकडचेही सुटायचे आणि तिकडचेही सुटायचे, आणि वळणाऱ्यांनी समोरच्यांच्या रांगेत फट शोधायची. फट कसली मिळते? समोरही कुणीतरी वळायला ट्रेलर आडवा घालून उभा असायचा, त्याच्या आडून काय येतंय ते दिसायचं नाही. सिग्नल सुरू झाला त्या दिवशी मामा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून नाक्यावर गेले, तासभर त्या दिव्याकडे बघत उभे राहिले आणि मान हलवत परत आले. "दिवा दिला, पन वळनाऱ्याला वाऱ्यावर सोडला," ते म्हणाले. "ह्याला बान पायजे. आनि बान पयला पायजे. वळनारे आदी सुटले म्हंजे मंग सरळवाल्यांचं काय ते होऊ दे."

आणि त्या दिवसापासून मामा मोजू लागले. वही-पेन त्यांच्या हाताला कधी पटलं नाही. त्यांच्या परसात वालाचं पीक चांगलं येतं, त्यामुळे त्यांनी वाल घेतले. नाक्यावरच्या पिंपळाच्या पारावर बसायचं, डाव्या खिशात मूठभर वाल भरायचे, उजवीकडे एक गाडी वळली की एक वाल डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. ट्रेलर वळला तर दोन, कारण तो दोघांचा वेळ खातो. वळता वळता कुणी थोडक्यात वाचला तर तो वाल दाताखाली धरून त्याला खूण करायची. एक तास झाला की उजवा खिसा काचेच्या बरणीत रिकामा करायचा आणि बरणीवर खडूनं लिहायचं, "सोम. ७ ते ८." खाकी शर्ट आणि पारावरची ती करारी बैठक पाहून नवखे मोटरसायकलवाले नाक्यावर आपोआप हेल्मेट घालायचे. संध्याकाळी मी शाळेतून निघालो की मामा बरण्या मांडून वाटच बघत असायचे. गणिताचा मास्तर जावई मिळाल्याचं सार्थक त्यांनी माझ्याकडून असं वसूल केलं. मी वाल मोजायचो, कागदावर तक्ता करायचो, आणि मामा तो तक्ता कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवायचे. तीन वर्षांत मी शाळेतल्या पेपरांपेक्षा जास्त वाल तपासले असतील.

याच काळात ते प्रसिद्ध बिरडं झालं. मुंबईहून मामांच्या मेहुण्यांकडची आठ माणसं न सांगता दोन दिवस राहायला आली. घरात भाजी नव्हती, बाजार उठला होता, आणि फडताळात ओळीनं बरण्याच बरण्या वाल. मामींनी कोणत्या बरणीवर काय लिहिलंय ते पाहिलंच नाही. सोमवारपासून शुक्रवारपर्यंतची सकाळ त्यांनी एका पातेल्यात भिजत घातली. मामांना कळलं तेव्हा मोड आले होते, सालं निघाली होती, आणि खोबरं वाटून झालं होतं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. मामा पाटावर बसले, पहिला घास घेतला आणि गंभीरपणे पाहुण्यांना म्हणाले, "सावकाश जेवा. आठवड्याची वाहतूक हाय." पुढचा आठवडाभर त्यांनी पुन्हा पारावर बसून सगळं नव्यानं मोजलं. माझ्या बायकोला अजूनही वाटतं की असं बिरडं तिनं नंतर कधी खाल्लं नाही.

मामींचं मात्र या बरण्यांशी एक वेगळंच भांडण होतं. मामांचं घर गावरस्त्याच्या मुरुडकडच्या अंगाला आणि बाजार पेणकडच्या. मामी रोज सकाळी परसातली भाजी टोपलीत भरून डोक्यावर घेत, आणि गावरस्त्याच्या ज्या तोंडातून आम्ही वळून गावात शिरतो, तेच तोंड ओलांडून बाजारात जात. त्यांच्यासोबत मुरुडकडून एसटीनं येऊन त्याच अंगाला उतरणाऱ्या मासळीवाल्या कोळणी असत, शेजारच्या वाड्यांतल्या भाजीवाल्या असत. रोज सकाळी ही टोपल्यांची रांग मामांच्या डोळ्यांसमोरून जायची. एके दिवशी मी तक्ता करत बसलो होतो, मामी दारात शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग तशीच धरली आणि विचारलं, "अवो, टेलरचे दोन वाल. मोटरसायकलीचा एक वाल. आनि आमचा वाल कंचा?"

मामांनी हातातली बरणी खाली ठेवली. तीन वर्षं त्या माणसानं नाक्यावर वळणारं प्रत्येक चाक मोजलं होतं. रोज डोक्यावर टोपली घेऊन चालत जाणारी स्वतःची बायको त्यांनी एकदाही मोजली नव्हती. त्या रात्री ते जेवले नाहीत असं मामींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा पारावर बसले नाहीत. त्यांनी डाव्या खिशात वाल भरले आणि टोपल्यांच्या मागोमाग चालू लागले. आठवडाभर ते त्या बायकांच्या मागं मागं हिंडले, दोन-चार जणींनी मामींना "डायवरला बरं न्हाय काय?" असंही विचारून पाहिलं. आणि आठवड्यानं मामा माझ्याकडे शाळेत आले, मधल्या सुट्टीत, घामाघूम. या बायका दिव्याकडे बघतच नव्हत्या. डोक्यावर टोपली असली की मान वर होत नाही, आणि चालणाऱ्यासाठी त्या नाक्यावर वेगळा दिवाही नव्हता. मग त्या ओलांडायच्या कशा? कानानं. तोंडाशी येऊन त्या उभ्या राहायच्या, आणि मोठ्या रस्त्यावरच्या थांबलेल्या गाड्या घरघरून हलल्या की त्याही हलायच्या, ट्रेलरच्या बाजूनं, ट्रेलरच्याच दिशेनं. कारण समोरून ट्रेलर सरळ धावत असताना पेणकडून कुणाची वळायची छाती आहे? ट्रेलरच्या रांगेची भिंतच त्यांना आडोसा द्यायची. ट्रेलरच्या बाजूचा एखादा डावीकडे गावात वळायचा, पण तो मागून हळू यायचा आणि चार शिव्या खाऊन थांबायचा. कुणी शिकवलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या बायका असंच जायच्या. मामा माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जावईबापू, बान पयला आला तर काय व्हईल ते सांगा." मी फळ्यावर नाका काढला. बाण आधी लागेल. पेणकडच्या गाड्या घरघरतील. बायका तो आवाज ऐकून पाऊल टाकतील. पण समोरचे ट्रेलर अजून थांबलेले असतील, आडोसा नसेल, आणि आम्ही सगळे वळणारे मोकळ्या रस्त्यावरून थेट त्यांच्या अंगावर जाऊ. माझ्या हातातला खडू थांबला. रोज शाळेची घंटा गाठायला सगळ्यात जोरात वळणारा मीच असणार होतो.

आता गंमत अशी, की मामांनी माझ्याकडून लिहून घेऊन तीन वर्षं धाडलेल्या अर्जांना त्याच आठवड्यात फळ आलं होतं. सिग्नलच्या कामावरची एक तरुण इंजिनियर बाई गावात ग्रामसभेला येणार होती. सभा आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होती, आणि पोरांनी हौसेनं मोठा बॅनर छापून लावला होता. त्याच्यावर हिरवा बाण, खाली लाल अक्षरांत "बाण पहिला मिळालाच पाहिजे", आणि कोपऱ्यात खाकी शर्टातले मामा. गावातल्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला तो बाण आधी हवा होता, आणि तसा तो हवा हे मामांनीच एकेकाला पारावर बसवून पटवलं होतं. मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं, "आहे तसा नुसता गोल हिरवा ठेवता येईल. नाहीतर उजव्या वळणाला बाण देऊ, म्हणजे बाण असेल तेव्हाच वळायचं. बाण द्यायचा तर तो सरळ जाणाऱ्यांच्या आधी देता येतो किंवा नंतर. तुम्हाला काय हवंय?" सगळा हॉल ओरडला, "आधी!"

मामा उठले. "पयला तो माजा फोटू तितनं काडा," ते म्हणाले.

लोक हसले. मामा हसले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या हातांनी त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "तीन वर्सं मी तुमाला सांगितलं बान पयला पायजे. ते चुकीचं व्हतं. बान पायजे, पन शेवटी पायजे. आदी सरळ जाऊ द्या, मंग वळनारे."

मग जो गोंधळ झाला तो मी पुन्हा सांगत नाही. "मामा, तुमीच वळलात काय?" असं कुणीतरी ओरडलं, कुणी "इंजिनियर बाईनं भरवलं" म्हणालं, बॅनरवाल्या पोराचा चेहरा रडवेला झाला. मामा तसेच उभे होते. गलका कमी झाल्यावर त्यांनी हॉलच्या मागच्या बाजूला हात केला. तिथं टोपलीवाल्या बायका बसल्या होत्या, सभा म्हणजे पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आलेल्या. "बायांनो, नाका वलांडताना दिवा कंचा बगता?"

"दिवा कोन बगतंय?" एक म्हातारी कोळीण म्हणाली. "आवाज आयकतो. गाड्या घरघरल्या की निघतो. बाजूला टेलर चालला आसंल तर मधी शिरायची कुनाची हाय हिंमत?"

"बान पयला तर पयला आवाज वळनाऱ्यांचा, बान शेवटी तर तवर ह्या पलीकडं," मामा म्हणाले. मॅडमचं पेन कागदावर चालू लागलं. एक तरुण मात्र मागं हटेना. "मग बायांना शिकवा ना दिवा बघायला," तो म्हणाला. मामांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. आवाज चढवला नाही. "शिकतील. शिकंपर्यंत कोन कोन जाईल ते नाव तू लिवून दे. माज्या घरातलंबी एक लिव."

मामी खाली मान घालून पदराशी चाळा करत होत्या. मी कधी सभेत उभा राहणारा माणूस नाही, वर्गाबाहेर माझा आवाज फुटत नाही. पण मी उठलो आणि म्हणालो की मी रोज वळतो, मला उशीर होईल, आणि तो व्हावा. माझ्या आयुष्यात मी जी काही थोडी धिटाई केली आहे तीत हे एक वाक्य धरायला माझी हरकत नाही. पण खरा अभिमान मला माझ्या वाक्याचा नाही. उभ्या आयुष्यात ज्यानं एका गोष्टीवर मान ताठ ठेवली, त्यानं भर सभेत, स्वतःच्या फोटोखाली उभं राहून "मी चुकलो" म्हणावं, आणि ते म्हणताना एकदाही कुणावर ढकलू नये, अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. माझे विद्यार्थी उत्तर खोडण्याऐवजी त्याच्यावर शाई सांडतात.

मॅडम शहाणी होती. तिनं मामांचं नुसतं ऐकून घेतलं नाही. दोन दिवस ती सकाळी स्वतः येऊन टोपल्यांच्या रांगेत उभी राहिली, डोळे मिटून आवाज ऐकला, आणि मग सिग्नल बदलला. बाण शेवटी. जाताना तिनं माझे तक्ते मागितले आणि मामांना म्हणाली, "काका, एवढा अभ्यास आमच्याकडेही नसतो." मामांनी तिला एक पिशवीभर वालाच्या शेंगा दिल्या. नाक्यावर मात्र बरेच दिवस त्यांच्याकडे बघून लोक तोंड फिरवायचे. पारावर जागा असून कुणी शेजारी बसायचं नाही. बाण लागायची वाट बघत उभे असलेले मोटरसायकलवाले मुद्दाम मोठ्यांदा "मामाची किरपा!" म्हणायचे. मामा ऐकायचे आणि टोपल्या मोजायचे. त्या नाक्यावर आजवर कुणा बाईला खरचटलंसुद्धा नाही, पण जे झालंच नाही त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही.

आता मामा खारघरला असतात. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि मुलानं दोघांना आपल्या नवव्या मजल्यावर नेलं. मामींनी गॅलरीत कुंडीत वाल लावलाय, तो वेलीवर चढतो पण शेंगा धरत नाही. मामांना खिडकीतून चौक दिसतो, पण दिवे दिसत नाहीत. दर सोमवारी संध्याकाळी त्यांचा मला फोन येतो. तब्येत, शाळा, पाऊस असलं ते काही विचारत नाहीत. "बान शेवटी हाय ना?" एवढंच विचारतात. त्यांना भीती आहे की एखादा नवा साहेब येईल, कुणीतरी त्याच्यापुढे ओरडेल, आणि तो दोन बटणं दाबून सगळं उलटं करून टाकील. मी सांगतो, "आहे." ते म्हणतात, "नीट बगितलात?" मी नीट बघितलेलं असतं, तरी पुढच्या सोमवारी पुन्हा बघतो.

गेल्या सोमवारी सकाळी मी नाक्यावर उभा होतो. समोरचे ट्रेलर धडधडत सरळ चालले होते, बाजूनं टोपल्या चालल्या होत्या, माझा बाण लाल होता. माझ्यामागं एक मोठी गाडी येऊन थांबली, कुणीतरी अलिबागला समुद्र बघायला निघालेलं, चुकून आमच्या गावाकडे वळायला आलेलं. तो हॉर्न वाजवत राहिला, मग काच खाली करून ओरडला, "कुठल्या येड्यानं हा बाण शेवटी ठेवलाय?" मी हेल्मेट काढलं. मागं वळलो. शाळेचा निकाल सांगतानाही माझी छाती कधी एवढी पुढं येत नाही. "माझ्या बायकोच्या मामांनी," मी म्हणालो. त्यानं काच वर केली.

संध्याकाळी मामांना हे सांगावं की नाही असं मला वाटत होतं. सांगितलं.

"शिवी दिली?" मामांनी विचारलं.

"येडा म्हणाला."

मामा हसले. खूप दिवसांनी मी त्यांचं ते पोटातून येणारं हसू ऐकत होतो. "म्हंजे अजून शेवटीच हाय," ते म्हणाले. मागून मामींचा आवाज आला, "अवो, इचारा की." मामांनी घसा खाकरला.

"आनि बाया?"

"गेल्या, मामा. सगळ्या पलीकडे गेल्या."

"गेल्या गं," त्यांनी आत सांगितलं. फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही बराच वेळ तो ठेवला नाही.